कार्यालयातील प्रिंटरचे नेटवर्क प्रोटोकॉल कसे लावावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मध्यम आकाराच्या कार्यालयांत आज चित्र साधारण सारखेच असते. सौहार्द सहकारी सोसायटी असो, वकिलांचे ऑफिस असो, हायस्कूलची कचेरी असो की उद्यमबागमधील फौंड्रीचे कार्यालय, पाच-सात संगणकांत मिळून एक मोठा लेझर प्रिंटर असतो आणि तो अडला की सगळ्यांचेच काम अडते. सोसायटीत तर संध्याकाळी पिग्मी एजंट जमा रक्कम घेऊन आलेले असतात, दिवसाचा हिशेब मिटवायचा असतो आणि नेमकी त्याच वेळी डे-बुकची प्रिंट निघत नाही. तक्रार बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते: ‘कालपर्यंत चालू होता, आज ऑफलाइन दाखवतोय.’ मग टोनर काढून पुन्हा बसवला जातो, ड्रायव्हर, म्हणजे संगणकावरील प्रिंटरचे सॉफ्टवेअर, उडवून नव्याने घातला जातो, आणि यंत्र मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असते. प्रिंटरचा नेटवर्कवरील पत्ता बदललेला असतो, किंवा संगणक ज्या प्रोटोकॉलने, म्हणजे बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, त्याच्याशी बोलतो तो त्या कामासाठी योग्य नसतो. पत्ता एकदा पक्का केला, छपाईचा मार्ग ठरवून घेतला आणि नको असलेले प्रोटोकॉल बंद केले, तर ही रोजची कटकट जवळजवळ संपते. हे काम एका दुपारी होण्यासारखे आहे आणि त्यासाठी बाहेरचा माणूस बोलवावाच लागतो असे नाही.

या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत. प्रिंटरच्या पडद्यावर आणि संगणकावर ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत मेनूची नावे थोडीफार वेगळी असतात, पण प्रोटोकॉल सगळीकडे तेच असतात.

पहिले काम कॉन्फिगरेशन पेज छापण्याचे. प्रिंटरच्या मेनूत ‘रिपोर्ट्स’ किंवा ‘इन्फॉर्मेशन’ या नावाखाली ते सापडते. या एका कागदावर आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक), सबनेट मास्क (त्या पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारे आकडे), गेटवे (बाहेर जाण्याची वाट, म्हणजे राउटरचा पत्ता), मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) आणि चालू असलेल्या प्रोटोकॉलची यादी असे सगळे एकत्र मिळते. हा कागद जपून ठेवावा, कारण बदल करण्यापूर्वीची स्थिती पुढे कोणालाच आठवत नाही. त्यावरील मॅक पत्ता पाहताना एक खबरदारी घ्यावी. केबलसाठी आणि वाय-फायसाठी एकाच प्रिंटरचे दोन वेगळे मॅक पत्ते असतात, आणि पुढे राउटरमध्ये पत्त्याचे आरक्षण करताना चुकीचा उचलला गेला तर सगळे करूनही पत्ता बदलतच राहतो.

पत्ता पक्का करणे

प्रिंटर नवा असताना तो राउटरकडून डीएचसीपी या प्रोटोकॉलने पत्ता मागून घेतो. हा पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो. मुदत संपण्यापूर्वी प्रिंटर तो वाढवून घेत राहतो, त्यामुळे महिनोन्महिने काही बिघडत नाही आणि पत्ता कायमचा आहे असेच वाटू लागते. आपल्या भागात ही व्यवस्था मोडते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर या काळात लाईट जाणे-येणे सुरू झाले की राउटर वारंवार बंद-चालू होतो. अनेक साधे राउटर दिलेल्या पत्त्यांची नोंद बंद पडताच विसरतात, आणि लाईट आल्यावर जो आधी मागेल त्याला पत्ता देऊन मोकळे होतात. काल प्रिंटरकडे असलेला पत्ता आज एखाद्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलकडे जातो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागदपत्रे पाठवत राहतो.

आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. लाईट आल्यावर प्रिंटर लवकर तयार होतो आणि राउटरला पुरता सुरू व्हायला वेळ लागतो. प्रिंटरने पत्ता मागितला तेव्हा उत्तर द्यायला कोणी नसते, म्हणून तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. कॉन्फिगरेशन पेजवर हे आकडे दिसले तर डीएचसीपीचे उत्तर मिळालेले नाही असा त्याचा सरळ अर्थ आहे. आधी केबल पाहावी, मग राउटर चालू असल्याची खात्री करून प्रिंटर एकदा बंद-चालू करावा. म्हणूनच राउटर आणि नेटवर्कच्या केबली जोडणारा स्विच ही दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसला जोडू नये, कारण त्यातला फ्यूझर, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणारा भाग, तापताना एकदम इतकी वीज ओढतो की साध्या यूपीएसला तो भार झेपत नाही.

पत्ता पक्का करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, प्रिंटरमध्येच हाताने पत्ता लिहून डीएचसीपी बंद करणे. दोन, प्रिंटर डीएचसीपीवरच ठेवून राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी एक पत्ता राखून ठेवणे. राउटर आपल्या ताब्यात असेल तर दुसरा मार्ग नीटनेटका आहे, कारण सगळ्या यंत्रांचे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात. पण लहान कार्यालयांत राउटर इंटरनेट देणाऱ्याचा असतो, त्याचा पासवर्ड कोणाला माहीत नसतो आणि तो बिघडला की नवा बसवून जातात. त्याबरोबर आरक्षणही जाते. अशा ठिकाणी प्रिंटरमध्येच पत्ता लिहिणे मला अधिक भरवशाचे वाटते. नव्या राउटरने पत्त्यांची मालिकाच बदलली, म्हणजे १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.० आली, तर मात्र दोन्ही मार्गांत काम पुन्हा करावे लागते. त्यामुळे राउटर बदलणारा माणूस कार्यालयात असतानाच त्याला जुनीच मालिका लावायला सांगावे.

हाताने पत्ता देताना तो राउटर जे पत्ते वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा असावा. समजा, राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि तो १०० ते १९९ हे क्रमांक वाटतो. तर प्रिंटरला १९२.१६८.१.५० द्यावा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा आणि गेटवे म्हणून राउटरचा पत्ता लिहावा. तो पत्ता आधीच कोणी वापरत नाही ना, हे पाहायला एक सोपी रीत आहे. कोणत्याही संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे तेथून उत्तर येते का हे पाहणारी आज्ञा द्यावी. उत्तर आले तर पत्ता गुंतलेला आहे. उत्तर आले नाही तरी लगेच, ओळखलेल्या मॅक पत्त्यांची यादी दाखवणारी ‘आर्प’ ही आज्ञा ‘-ए’ जोडून द्यावी, कारण विंडोजचे संगणक फायरवॉलमुळे पिंगला बहुधा उत्तर देत नाहीत, पण त्यांचा मॅक पत्ता त्या यादीत उमटतो.

वाय-फाय की केबल, या प्रश्नावर माझे मत केबलच्याच बाजूने आहे. शहापूर किंवा जुन्या बेळगावातील जाड भिंतींच्या घरांत थाटलेल्या कार्यालयांत वाय-फाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईपर्यंतच क्षीण होते. वाय-फायच वापरायचे असेल तर अनेक प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ओळखतात हे ध्यानात ठेवावे, आणि प्रिंटर ‘गेस्ट’ नेटवर्कला कधीही जोडू नये. त्या नेटवर्कवरील यंत्रांना बहुधा एकमेकांशी बोलू दिले जात नाही, त्यामुळे प्रिंटरवर वाय-फायची खूण दिसते आणि प्रिंट मात्र पोहोचत नाही.

छपाईचा मार्ग निवडणे

पत्ता पक्का झाला की तो ब्राउझरमध्ये टाकावा. प्रिंटरचे स्वतःचे पान उघडते. बऱ्याचदा ब्राउझर ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. प्रिंटरने प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेले असल्यामुळे तो येतो. आपण आपल्याच कार्यालयातील पत्ता उघडत आहोत याची खात्री असेल तर पुढे जाण्यास हरकत नाही. तेथे सर्वांत आधी ॲडमिनचा पासवर्ड बदलावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड यंत्राच्या पुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे तो साऱ्या जगाला ठाऊक असतो. त्यानंतर ‘नेटवर्क’ विभागात जाऊन ‘प्रोटोकॉल’ किंवा ‘सर्व्हिसेस’ हे पान उघडावे. येथे खुणांची लांब यादी दिसते आणि कारखान्यातून येताना त्यातल्या बहुतेक चालूच असतात.

संगणकाकडून प्रिंटरकडे कागद पाठवण्याचे चार मार्ग नेहमी आढळतात. टीसीपी या प्रोटोकॉलच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे यंत्राचे क्रमांक दिलेले दार) जाणारा मार्ग सर्वांत साधा आहे. त्याला ‘रॉ’ म्हणतात, आणि एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांमुळे तो रूढ झाला म्हणून काही ठिकाणी तेही नाव दिसते. संगणक जोडणी उघडतो, छपाईचा मजकूर ओततो आणि जोडणी बंद करतो. वेगवान आणि जवळजवळ सर्व प्रिंटरांना समजणारा असा हा मार्ग आहे, पण त्यात ओळख पटवणे नाही आणि मजकूर गुप्तही राहत नाही. दुसरा एलपीडी, पोर्ट ५१५. त्याचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात क्यूचे, म्हणजे छपाईच्या रांगेचे, नाव द्यावे लागते; ते नाव चुकले तर काही प्रिंटर काहीही न कळवता काम टाकून देतात. एखाद्या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला किंवा लिनक्स सर्व्हरला हाच मार्ग लागत असेल तरच तो चालू ठेवावा.

तिसरा आयपीपी, पोर्ट ६३१. त्याची पहिली आवृत्ती १९९९ मधील आहे, सध्याचे मूळ दस्तऐवज जानेवारी २०१७ चे आहेत, आणि तो वेबच्याच एचटीटीपीवर चालतो. ९१०० पेक्षा त्याचा मोठा गुण असा की प्रिंटर परत उत्तर देतो: कागद संपला, काम स्वीकारले, काम रद्द झाले, कोणत्या आकाराचे कागद भरलेले आहेत, हे सारे संगणकाला कळते. शिवाय तो टीएलएसने, म्हणजे मजकूर कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलने, झाकता येतो. सोसायटीच्या कार्यालयात सभासदांचे खातेउतारे, कर्जाचे अर्ज, जामीनदारांचे तपशील रोज या तारांमधून जातात, आणि ते सुरक्षित ठेवणे ही सोसायटीचीच जबाबदारी आहे. म्हणून प्रिंटरमध्ये सोय असेल तर सुरक्षित आयपीपी चालू करावा. पुढच्या काळाच्या दृष्टीनेही हा मार्ग चालू ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे, आणि त्या जागी विंडोजचा स्वतःचा आयपीपी ड्रायव्हर येतो.

चौथा डब्ल्यूएसडी, आणि ‘ऑफलाइन’च्या तक्रारींचे मूळ बरेचदा येथेच असते. विंडोजला प्रिंटर आपोआप सापडला की तो अनेकदा याच मार्गाने जोडला जातो. तो शोधासाठी यूडीपी या टीसीपीच्या जोडीच्या प्रोटोकॉलचे ३७०२ हे पोर्ट वापरतो आणि त्या शोधाला वेळेवर उत्तर मिळाले नाही की विंडोज प्रिंटर बंद असल्याचे समजतो. आपला संगणक कोणत्या मार्गाने जोडला आहे हे पाहण्यासाठी प्रिंटर प्रॉपर्टीजमधील ‘पोर्ट्स’ हा भाग उघडावा. खूण केलेल्या ओळीत डब्ल्यूएसडी ही अक्षरे आणि त्यापुढे लांबलचक संकेत दिसला तर तेथेच ‘ॲड पोर्ट’ दाबून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडावे, प्रिंटरचा पक्का पत्ता लिहावा आणि ‘रॉ’, ९१०० अशी नोंद आहे ना ते तपासावे. ड्रायव्हर काढण्याची गरज नाही. प्रिंटरचे नावही तेच राहते, त्यामुळे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदलावे लागत नाही. सगळ्या संगणकांवर हे झाल्यावर प्रिंटरमधील डब्ल्यूएसडी बंद करावा.

आयपीपीने जोडायचे असेल तर प्रिंटर जोडताना ‘नावाने किंवा पत्त्याने निवडा’ हा पर्याय घ्यावा आणि प्रिंटरच्या पत्त्यापुढे ६३१ हे पोर्ट व तिरप्या रेघेने जोडलेली ‘आयपीपी’ आणि ‘प्रिंट’ ही दोन पदे लिहावीत. एका कार्यालयात सगळ्या संगणकांचा मार्ग एकच असावा, म्हणजे तक्रार आली की कोठे पाहायचे हे आधीच ठरलेले असते.

मोबाइलवरून छपाई करायची असेल तर त्यासाठी आयपीपीबरोबर एमडीएनएस हा शोधाचा प्रोटोकॉलही चालू लागतो. ॲपलच्या एअरप्रिंट या फोनवरून छापण्याच्या सोयीचा शोध त्यावरच चालतो. ती सोय २०१० मध्ये आली. हा प्रोटोकॉल यूडीपीच्या ५३५३ या पोर्टवर पुकारा करतो आणि तो पुकारा एका नेटवर्कच्या बाहेर जात नाही. त्यामुळे कार्यालयात दोन राउटर एकापुढे एक जोडलेले असतील तर मागच्या राउटरवरील फोनला पुढचा प्रिंटर दिसणार नाही. फोनवरून कोणीच प्रिंट काढत नसेल तर तो बंद करावा.

एसएनएमपी आणि इतर

एसएनएमपी छपाई करत नाही. तो यूडीपीच्या १६१ या पोर्टवरून टोनर, कागद आणि यंत्राची स्थिती सांगतो. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ‘कम्युनिटी’ हे एक नावच पासवर्डचे काम करते आणि ते कारखान्यातून ‘पब्लिक’ असे येते. लिहिण्याची परवानगी देणारी कम्युनिटी बंद करावी आणि वाचण्याचीच ठेवावी. विंडोजचे टीसीपी/आयपी पोर्ट प्रिंटरची स्थिती याच मार्गाने विचारत असते, हे मात्र विसरू नये. आपण येथे नाव बदलले किंवा एसएनएमपी बंद केला आणि संगणकावर ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ ही खूण तशीच राहिली, तर पत्ता बरोबर असून, पिंग चालत असूनही प्रिंटर ऑफलाइन दिसू लागतो. ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन नवे नाव लिहावे किंवा ती खूण काढावी.

टेलनेट, एफटीपी, ॲपलटॉक आणि आयपीएक्स हे चारही जुने प्रोटोकॉल सरळ बंद करावेत. ॲपलटॉकचा आधार ॲपलनेच २००९ च्या मॅक ओएस १०.६ पासून काढून टाकला आहे. राउटरमध्ये प्रिंटरच्या पत्त्याकडे बाहेरून वाट करून दिलेली असेल, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग केलेले असेल, तर ते त्याच दिवशी काढावे. ९१०० पोर्ट इंटरनेटवर उघडे राहिले तर जगातून कोणीही आपल्या कागदावर काहीही छापू शकतो.

स्कॅनचे दोन मार्ग

स्कॅन संगणकाच्या फोल्डरमध्ये पाठवायचा असेल तर एसएमबी हा फाइली वाटून घेण्याचा प्रोटोकॉल लागतो, पोर्ट ४४५. जुने प्रिंटर त्याची पहिली आवृत्तीच जाणतात, आणि विंडोज १० च्या २०१७ मधील १७०९ या आवृत्तीपासून ती नव्या संगणकांवर मुळात बसवलेलीच नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ज्या दोषातून शिरकाव केला तो याच आवृत्तीतला होता. स्कॅन चालावा म्हणून ती पुन्हा सुरू करून देणारे तंत्रज्ञ भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. आधी प्रिंटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतील सॉफ्टवेअर, अद्ययावत करून एसएमबीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती मिळते का पाहावे, आणि मिळत नसेल तर स्कॅन ई-मेलने पाठवावा. फोल्डरसाठी संगणकावर ‘स्कॅन’ अशा नावाचे वेगळे साधे खाते उघडावे, त्याला त्या एकाच फोल्डरचा अधिकार द्यावा. व्यवस्थापकांचा पासवर्ड प्रिंटरमध्ये भरून ठेवू नये.

ई-मेलसाठी पोर्ट ५८७ आणि टीएलएस अशी नोंद करावी. वैयक्तिक जीमेल खाते वापरत असल्यास नेहमीचा पासवर्ड चालत नाही, कारण ३० मे २०२२ पासून गूगलने तो रस्ता बंद केला आहे. खात्यावर द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा आणि तो प्रिंटरमध्ये भरावा. प्रिंटरचे घड्याळही बरोबर हवे; वेळ फार चुकलेली असेल तर प्रमाणपत्र तपासताना जोडणीच नाकारली जाते. नेटवर्कवरून वेळ जुळवणारा एनटीपी चालू करून कालविभाग अधिक साडेपाच तास असा ठेवावा.

सीमाभागातील कार्यालयांत आणखी एक प्रश्न हमखास येतो. पत्रके कन्नडमध्ये, सभासदांना द्यायच्या सूचना मराठीत, आणि प्रिंट काढली की जोडाक्षरे तुटतात किंवा चौकोन उमटतात. यात प्रोटोकॉलचा दोष नसतो, कारण तो मजकूर जसा दिला तसा पोहोचवतो. फाइल पीडीएफ करून छपाईच्या खिडकीतील ‘प्रिंट ॲज इमेज’ ही खूण करून पाहावी. तसे केल्यावर अक्षरे नीट आली तर ड्रायव्हर बदलावा, पीसीएल या छपाईच्या भाषेच्या जागी पोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचा घालून पाहावा, आणि नेटवर्कच्या मांडणीला हात लावू नये.

सर्व बदल एकदम करू नयेत. एक प्रोटोकॉल बंद करावा, प्रत्येक संगणकावरून एक पान छापून पाहावे, मग पुढचा घ्यावा. हे काम हिशेब मिटवण्याच्या वेळी किंवा मार्चअखेरीस काढू नये. शेवटी राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करून, लाईट आल्यावर जसे सुरू होतील तसे एकाच वेळी चालू करावेत आणि पत्ता तोच राहिला का ते पाहावे. मग प्रिंटरच्या पानावरून मांडणीची फाइल उतरवून ठेवावी, नवे कॉन्फिगरेशन पेज छापावे आणि पत्ता, चालू प्रोटोकॉल व तारीख लिहिलेला एक कागद प्रिंटरच्या बाजूला चिकटवावा. पासवर्ड मात्र त्यावर न लिहिता कपाटातील वहीत ठेवावा. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर काही यंत्रांत बंद केलेले प्रोटोकॉल पुन्हा चालू होतात, आणि फॅक्टरी रीसेट केल्यावर तर सगळेच मूळ स्थितीला जाते. म्हणून अशा प्रत्येक वेळी कॉन्फिगरेशन पेज नव्याने छापून चिकटवलेल्या कागदाशी ताडून पाहावे.